बरे न होणाऱ्या जिवाची सेवा



घरातील वडीलधारे माणूस आजारी पडले की शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात, पाहुणे फळे घेऊन येतात, कामाच्या ठिकाणी रजा मिळते. घरातील मांजर आजारी पडले तर यांतले काहीही होत नाही. दहा-बारा वर्षे जो जीव आपल्या पांघरुणावर निजला, आपण बाहेरून आलो की उंबऱ्यावर येऊन शेपटी उभारून पायाला अंग घासत राहिला, तो दिवसेंदिवस वाळत चालला आहे हे पाहून डोळ्यांत पाणी आले, तर ते गुपचूप पुसून टाकावे लागते. कारण उत्तर ठरलेले असते : "अहो, मांजरच ना ते? गेले तर दुसरे आणा."

मठाच्या मासिकात मांजराचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्या घरात हे दुखणे आले आहे त्या घरात रोज सकाळी काही प्रश्न उभे राहतात, आणि ते प्रश्न लहान नाहीत. जो जीव बरा होणार नाही त्याच्यासाठी किती करावे? माणसांचे हाल चालू असताना मुक्या प्राण्यावर पैसा खर्चावा काय? आपली दया कोठे संपते आणि आपला मोह कोठे सुरू होतो? आणि अखेरीस त्याच्या यातना संपविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? सर्व जीवांवर दया करावी हे महात्मा बसवेश्वरांचे सांगणे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकणे सोपे असते. ज्याच्यावर दया करायची तो जीव पहाटे तीन वाजता चटईवर ओकतो तेव्हा ते सांगणे आचरणात आणण्याची वेळ येते.

प्रथम हे दुखणे काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण अज्ञानाने केलेली दया पुष्कळदा अपाय करते. मांजरांना जडणारे जुनाट विकार अनेक आहेत, परंतु उतारवयात फार आढळणारा विकार मूत्रपिंडांचा. दहा वर्षांपुढच्या मांजरांत तो नेहमी दिसतो. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत जातात आणि मांजर तसे काही कळू देत नाही. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून सुमारे दोन तृतीयांश काम थांबले की लघवी दाट करण्याची शक्ती जाते. सुमारे तीन चतुर्थांश काम थांबले की रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते. म्हणजे आपल्या लक्षात येते तेव्हा आजार जुना झालेला असतो. मांजर पाण्याच्या भांड्याशी वारंवार जाते, लघवी जास्त होते, वजन उतरते, अन्नावरची वासना जाते, तोंडाला वास येतो, उलट्या होतात. गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. मात्र उरलेल्या भागावरचा भार हलका करता येतो. फॉस्फरस कमी असलेला आहार, भरपूर पाणी, रक्तदाबावर लक्ष, उलटी व मळमळ थांबविणारे औषध, आणि गरज पडल्यास कातडीखाली सलाईन, एवढ्या साधनांनी काही मांजरे महिनोन्महिने, काही तर कित्येक वर्षे बऱ्यापैकी जगतात. डॉक्टर या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर निदान झाले तर हाताशी वेळ पुष्कळ असतो, चौथ्या पायरीवर फार थोडा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मांजराला ताप आला असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणारी प्रेमळ माणसे आहेत. ते औषध पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृताला नसते. एक गोळीसुद्धा त्याचा प्राण घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेले कालवण त्याच्या रक्ताला विषारी ठरते. लिलीच्या फुलाचा नुसता पराग चाटल्याने मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. "दोन दिवस उपास घडला तर पोट साफ होईल" हा माणसांचा उपाय मांजराला लागू करू नये. दोन-तीन दिवस अजिबात न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवेच संकट उभे राहते. दया ही अंतःकरणात उपजते हे खरे, पण ती हातात उतरण्यापूर्वी तिला ज्ञानाची जोड हवी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर सांगतात, "हा आजार बरा होणारा नाही." हे वाक्य ऐकताच घरातील माणसांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बरे होणारच नसेल तर एवढा खटाटोप कशाला? दुसरा म्हणतो, काही झाले तरी आपण याला बरे करणारच. दोघेही एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असे वाटते, परंतु दोघांची चूक एकच आहे. दोघेही सेवेचे मोल तिच्या फळावरून ठरवितात. पहिल्याला फळ दिसत नाही म्हणून तो सेवा सोडतो. दुसरा फळ मिळणार असे स्वतःला बजावल्याशिवाय सेवा करू शकत नाही, आणि ते मिळत नाही हे दिसले की तो खचतो, चिडतो, कधी मांजरावरच रागावतो.

दासोहाचा अर्थ आपण विसरतो तो येथे. दासोह म्हणजे नुसते अन्नदान नव्हे. देणाऱ्याने स्वतःला दास मानून देणे, 'मी दिले' हा भाव मागे न ठेवता देणे, हा त्याचा गाभा. माणसाला दिले तर तो हात जोडतो, आशीर्वाद देतो, चार लोकांत नाव काढतो. मांजर यांतले काही करीत नाही. तुम्ही त्याच्या तोंडात औषध घातले की ते तुमचा हात ओरबाडते, कपाटाखाली जाऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पाहत नाही. ते बरेही होत नाही आणि उपकारही मानीत नाही. आपले आजवरचे देणे हा दासोह होता की देवघेवीचा व्यवहार, याची याहून चोख परीक्षा कोणती? फळ नाही, कौतुक नाही, पुण्य मोजायला कोणी जवळ नाही, आणि तरीही सकाळी उठून त्याचे भांडे धुऊन ताजे पाणी भरायचे आहे.

मग 'बरे होणे' या शब्दाकडेच पुन्हा पाहावे लागते. रोग बरा होणे वेगळे आणि रोग्याला आज बरे वाटणे वेगळे. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी पुष्कळ अंशी आहे. आज त्याची मळमळ थांबली, आज त्याने चार घास खाल्ले, आज ते खिडकीत उन्हाला जाऊन बसले. मांजराला पुढच्या महिन्याची चिंता नसते. आपले आयुष्य किती उरले याचा हिशेब ते करीत नाही. त्याच्याजवळ आजचाच दिवस असतो. तो दिवस सुसह्य करणे ही संपूर्ण सेवा आहे, अर्धी नव्हे. उद्या ते जाणार असले तरी आजच्या चार घासांचे मोल उणे होत नाही.

काटेकोर अर्थाने कायक म्हणजे उपजीविकेसाठी प्रामाणिकपणे केलेले श्रम. मांजराची शुश्रूषा त्या अर्थाने कायक नव्हे. पण कायकाने शिकविलेली एक गोष्ट येथे लागू पडते : हातातले काम हीच पूजा. नुलिय चंदय्यांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. दोरासाठी गवत कापताना इष्टलिंग खाली पडले तरी ते आपले काम टाकून त्याच्यामागे गेले नाहीत. या कथेचा अर्थ पूजा टाळावी असा कोणी काढू नये. पण पूजेला बसण्याच्या वेळीच मांजराने घाण केली, किंवा औषधाची वेळ नेमकी तीच आली, तर मनात जी चिडचिड होते तिला या कथेत उत्तर आहे. ती घाण पुसताना पूजा मोडत नाही. घाण पुसणाऱ्या हाताला विटाळ होतो असे शरणांनी मानले नाही. मन मात्र तेव्हा त्राग्याने भरलेले असेल तर पुढे तासभर डोळे मिटून बसल्याने काय साधणार?

दुसरा प्रश्न पैशाचा. माणसे उपाशी आहेत, शाळेच्या फीसाठी मुले अडली आहेत, आणि तुम्ही मांजराच्या सलाईनवर खर्च करता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आक्षेप घेणाऱ्याला एक विचारावे : मांजरावरचा खर्च वाचला असता तर तो पैसा त्या उपाशी माणसाकडे गेला असता काय? लग्नाच्या मांडवावर, गाडीच्या नव्या मॉडेलवर, घराच्या रंगावर खर्च होतो तेव्हा उपाशी माणसाची आठवण कोणी करून देत नाही. ती नेमकी मुक्या प्राण्याच्या वेळीच का व्हावी? शिवाय हा जीव आपण घरात घेतला, त्याची शिकारीची सवय मोडली, त्याला आपल्या ताटलीवर अवलंबून ठेवले. जगातील सर्व दुःखांचे उत्तरदायित्व आपल्यावर नसेल, पण ज्याला आपण परावलंबी केले त्याचे आहे.

तरीही खर्चाला मर्यादा हवी, आणि ती ठरविण्यास आपल्या परंपरेत एक उत्तम दृष्टांत आहे. आयदक्की मारय्या वाटेवर सांडलेले तांदूळ वेचून दासोह करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी ते परत टाकून यावयास सांगितले. गरजेपेक्षा जास्त घेणे ही हाव आहे, मग ती दासोहासाठी का असेना, हे त्या माउलीने नवऱ्याला दाखवून दिले. उपचाराचीही अशी हाव असते. एका डॉक्टरांनी सांगितले, मग दुसरे, मग परगावचे तिसरे. एक तपासणी झाली की दुसरी. आणि या धावपळीत मांजराचा वेळ टोपलीत, गाडीत आणि टेबलावर जातो. कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून, मुलाचे शिक्षण अडवून केलेला उपचार मांजराने मागितलेला नसतो. आपल्या कष्टाच्या कमाईतून जेवढे स्वच्छ मनाने देता येईल तेवढे द्यावे. डॉक्टरांना संकोच न करता स्पष्ट सांगावे, "आम्हाला एवढे झेपेल, यात त्याचा त्रास कमी होईल असे काय करता येईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाला मार्ग काढतो. पाणी, योग्य आहार आणि मळमळीचे औषध या साध्या गोष्टींनीही पुष्कळ होते.

तिसरा प्रश्न आपल्या घरांना विशेष अडचणीचा, म्हणून तो टाळून चालणार नाही. आपली घरे शाकाहारी. मांजर मात्र निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला अन्नातून मिळावेच लागते आणि ते प्राणिज अन्नातच असते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. दूध-भात, दूध-भाकरी यांवर वाढविलेली मांजरे आपल्याकडे पुष्कळ. ती जगली याचे कारण बहुधा ती बाहेर उंदीर, पाखरे मारून खात होती. तेच मांजर म्हातारे, आजारी होऊन घरात बसले की त्याला बाहेरचे मिळत नाही आणि आपल्या ताटातले पुरत नाही. शिवाय पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही.

काय करावे? आपला आहारनियम हे आपले व्रत आहे. ते आपण समजून-उमजून घेतले आहे. मांजराने दीक्षा घेतलेली नाही. आपले व्रत दुसऱ्याच्या देहावर, आणि तेही 'नको' म्हणता न येणाऱ्याच्या देहावर लादणे हा धर्म नव्हे. मूत्रपिंडाच्या विकारासाठी खास तयार केलेले अन्न डब्यांत व पाकिटांत मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते द्यावे. त्याचे भांडे, चमचा वेगळा ठेवावा म्हणजे घरातील वडील मंडळींचे मन दुखावणार नाही. पण एक गोष्ट स्वतःपासून लपवू नये. त्या पाकिटातही कोणातरी जिवाचा प्राण गेलेला आहे. एका जिवावरची दया दुसऱ्या जिवाच्या मोलाने चालते, ही या जगाची अवघड रचना आहे. "प्राण्यांचेच अन्न ते, त्यात काय एवढे" असे म्हणून ती पुसून टाकता येत नाही. ज्याला हे मुळीच सोसणार नाही त्याने मांजर पाळण्यापूर्वीच विचार करावा. गाय पाळावी, पाखरांना दाणे घालावे. पाळल्यानंतर, आणि आजारी पडल्यानंतर, हा प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

चौथी गोष्ट सेवा करणाऱ्याविषयी. लांबलेले दुखणे रोग्याला थकविते तसे घरालाही थकविते. बहुतेक घरांत हा सारा भार एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती बहुधा घरातील बाईच असते. तिला स्वयंपाक, मुले, सासू-सासरे सांभाळून मांजराची औषधे सांभाळायची असतात, आणि वर "तुलाच फार लळा" हे ऐकायचे असते. कातडीखाली सलाईन देणे हे दोघांचे काम आहे : एकाने मांजराला टॉवेलात गुंडाळून धरावे, दुसऱ्याने मानेमागची कातडी उचलून सुई टोचावी. डॉक्टरांनी नेमून दिलेले पाणी, बहुधा शंभर मिलिलिटरच्या आसपास, कातडीखाली जाते आणि तेथे मोठा फुगा दिसतो. काही तासांत तो जिरतो. हे एकदा डॉक्टरांसमोर शिकून घेतले की घरी करता येते, आणि रोजच्या दवाखान्याच्या वाऱ्या वाचतात. घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी यात हात लावावा. कामाची वाटणी झाली की दुःखाचीही वाटणी होते.

सेवा करणाऱ्याच्या मनात कधीकधी एक विचार येतो आणि तो आला म्हणून ती व्यक्ती स्वतःलाच दोष देत बसते. तो विचार असा : "एकदाचे सुटले तर बरे." भगिनींनो, हा विचार दुष्टपणाचा नाही. तो थकव्याचा आहे. वर्षभर वृद्ध आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या मनातही तो येऊन जातो. विचार आला म्हणजे प्रेम आटले असे नव्हे. त्या दिवशी दुसऱ्या कोणाला औषध द्यायला सांगावे, थोडे झोपावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागावे.

आता सर्वांत अवघड भागाकडे वळू. दया आणि मोह बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही सुई धरतात, दोघेही रात्र जागवितात. फरक एका प्रश्नाने कळतो : हे मी कोणासाठी करतो आहे? त्याला आराम वाटावा म्हणून, की मला त्याच्याशिवाय राहवणार नाही म्हणून? हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही, तो पुन्हापुन्हा विचारावा लागतो, कारण जी सुई गेल्या महिन्यात दयेची होती तीच या महिन्यात मोहाची झालेली असू शकते.

मांजर याचे उत्तर सरळ देत नाही. लहान शिकारी प्राणी स्वतःही दुसऱ्याचे भक्ष्य होऊ शकतो. म्हणून दुखणे लपविणे त्याच्या स्वभावातच आहे. ते घुरघुरते म्हणजे सुखात आहे असेही समजू नये. वेदनेतही मांजर घुरघुरते. म्हणून आपल्या डोळ्यांपेक्षा नोंदीवर विश्वास ठेवावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी. आज त्याने आपणहून खाल्ले का? अंग चाटून स्वच्छ केले का? आपल्या आवडत्या जागी गेले का? हाक मारल्यावर कान वळविला का? ही उत्तरे 'होय' असतील तर तो दिवस चांगला. महिन्यात चांगले दिवस जास्त आहेत तोवर उपचार चालू ठेवण्यात अर्थ आहे. वाईट दिवस वाढत गेले, ते अन्नापासून तोंड फिरवू लागले, उभे राहताना मागचे पाय लटपटू लागले, कोपरा सोडेनासे झाले, तर ते मुक्यानेच आपल्याला काही सांगते आहे. ते ऐकणे हीही सेवाच आहे.

अशा वेळी डॉक्टर इंजेक्शनचा मार्ग सुचवितात. आपल्या अंगावर काटा येतो. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपण आजीकडून ऐकली आहे. गंमत अशी की ज्या समाजात ही समजूत आहे त्याच समाजात नकोसे मांजर पोत्यात घालून बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून देण्याची रीतही आहे. तेथे ते उपाशी मरते, कुत्र्यांच्या तोंडी सापडते. पण आपल्या हातून मेले नाही म्हणून आपण निर्दोष! शरणांनी अशा हिशेबी पापपुण्याची कधी गय केली नाही. सोन्याच्या दानाने पाप फिटत नाही आणि नजरेआड केल्याने ते टळत नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार पाळलेले जनावर उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे, आणि १९७६ साली संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक कर्तव्य आहे.

मग इंजेक्शनाचे काय? येथे महात्मा गांधींचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. त्याला कूसही बदलता येत नव्हती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. अहिंसा हा ज्यांचा प्राण होता त्या गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय केला, आणि काहींचा विरोध असतानाही डॉक्टरांकरवी सुई देऊन त्या वासराच्या यातना संपविल्या. एवढ्यावर न थांबता 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' या आपल्या पत्रांतून त्यांनी ते स्वतः जगजाहीर केले. टीकेचा पाऊस पडला. त्यांची भूमिका अशी होती की, रागाने किंवा स्वार्थाने प्राण घेणे ही हिंसा. पण दुसरा कोणताच इलाज उरला नसताना केवळ त्या जिवाच्या यातना थांबाव्यात म्हणून केलेली कृती त्या सदरात बसत नाही. सगळ्यांना ते पटले नाही, आजही सगळ्यांना पटत नाही. पण त्यांच्या कृतीतील तीन गोष्टी लक्षात घ्या. त्यांनी आधी उपाय करून पाहिले. निर्णय एकट्याने, घाईने घेतला नाही. आणि केलेले लपविले नाही.

या तीन कसोट्यांवर आपला निर्णय घासून पाहावा. सेवेचा कंटाळा आला, परगावी जायचे आहे, घरात वास येतो, म्हणून इंजेक्शन हा दयेचा मार्ग नव्हे. ती आपली सोय आहे. पण वेदना थांबविण्याचे सारे उपाय संपले आहेत, डॉक्टर तसे स्पष्ट सांगतात, घरातील सर्वांनी ते समजून घेतले आहे, आणि उरला आहे तो केवळ आपला 'नको जाऊस' हा हट्ट, अशा वेळी शांतपणे त्याला निरोप देण्यास अधर्म म्हणता येईल असे वाटत नाही. ज्यांचे मन या गोष्टीला कदापि तयार होणार नाही त्यांनी नैसर्गिक शेवट येऊ द्यावा. मात्र तसे करताना वेदनाशामक औषध, ऊब, शांतता आणि आपली सोबत यांत तसूभर उणे पडू देऊ नये. 'नैसर्गिक' या शब्दाच्या आड त्याला कोपऱ्यात तळमळत टाकणे, हा त्या शब्दाचा दुरुपयोग होईल. कोणताही मार्ग घेतला तरी त्या वेळी त्याच्याजवळ बसून राहा. ओळखीचा हात अंगावर असावा, एवढे तरी आपण त्याला देणे लागतो.

मुलांना खरे सांगा. "मनी गावाला गेली" असे सांगू नका. मूल रोज दाराकडे पाहत राहते आणि पुढे आपल्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. मनी फार आजारी होती, डॉक्टरांनी आणि आपण जमेल ते केले, आता ती मेली, हे साध्या शब्दांत सांगितलेले मुलाला झेपते. शक्य असेल तर त्याला बरोबर घेऊन परसात किंवा शेताच्या बांधावर खोल खड्डा करून तो देह मातीला द्यावा. आपण माणसालाही मातीच्या कुशीतच ठेवतो. त्या जिवालाही तीच कूस पुरे. सूतक-पातकाचा प्रश्न आपल्याकडे नाही. शोक मात्र असतो, आणि तो असू द्यावा. कोणी हसले तर हसू द्यावे.

ज्यांच्या घरी आज असे मांजर आहे त्यांच्यासाठी शेवटी एवढेच. तुम्ही करता ते काम कोणाच्या नजरेस येत नाही, आणि ज्याच्यासाठी करता ते उद्याही तुमच्या हाताला ओरबाडणारच आहे. तरीही आज रात्री झोपण्यापूर्वी त्याच्या भांड्यातले पाणी बदला, औषधाची वेळ चुकवू नका, आणि दिनदर्शिकेवर आजची खूण करायला विसरू नका.

शरणु शरणार्थी.